अडतीस अंश, डावीकडे

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेघना शेजवळच्या बोटांना काळं लागू लागलं. साबणाने घासून धुतलं तरी नखांच्या कडेला बारीक रेघ उरायची. जेवताना तिची आई रंभा ते बघायची.

"इंजिनियर लोकांची बोटं अशी असतात का गं?" तिने एकदा विचारलं.

"असतात," मेघना म्हणाली.

यापुढे सांगायची तिला परवानगी नव्हती. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या गल्लीत, टॉवरांच्या मागे, संरक्षण खात्याची कामं घेणारी एक खाजगी प्रयोगशाळा आहे. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षातली सहा महिन्यांची इंटर्नशिप मेघनाला तिथे मिळाली होती. पहिल्याच दिवशी तिने चार पानांवर सह्या केल्या: काय मोजतो, कोणासाठी मोजतो, किती आलं, यातलं काहीही फाटकाबाहेर बोलायचं नाही. त्याआधी पोलीस पडताळणी झाली. हवालदार कल्याण पूर्वेला कोळसेवाडीतल्या खोलीवर आला, तेव्हा तिचे वडील जगन इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. शेजारच्या शेवंतीबाईंनी न विचारता सांगितलं, "पोरगी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." हवालदाराने ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही. पण पुढच्या रविवारी विहाराच्या फळ्यावर खडूने ओळ आली: मेघना जगन शेजवळ, एम.टेक., संरक्षण संशोधन. त्याखाली दोन मुलांची बारावीची टक्केवारी होती. ती पुसली गेली, मेघनाची ओळ कोणी पुसली नाही.

सहा महिने नीट झाले तर प्रयोगशाळा कायम करून घेईल, असं कॉलेजात सांगितलं होतं. नीट झाले नाहीत तर पूर्णतेचं पत्र नाही, पत्र नाही तर प्रबंध नाही, आणि वर्ष वाया. घरातलं दुसरं कोणी कमवत नव्हतं. जगन डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाचं रसायन बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर होते. तिथल्या स्फोटानंतर त्यांचा डावा कान गेला आणि नोकरीही.

सकाळी सहाला निघून, दुर्गाडीचा पूल आणि भिवंडी बायपास करत बस माजिवड्याला सोडायची. तिथून दुसरी बस. मेट्रोच्या खांबांमधून ती जिथे अडायची तिथे अडायची. नऊला फाटकावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, आणि मग चेंबर.

चेंबर म्हणजे खोलीतली खोली. बारा मीटर लांब, चहूबाजूंनी लोखंडी पत्रा, आणि पत्र्यावर जमिनीपासून छतापर्यंत काळ्या फोमचे हातभर लांबीचे सुळके. फोममध्ये कोळशाची पूड मुरवलेली असते. रडारची लहर सुळक्यांवर आदळली की त्यात जिरते, परत येत नाही. अँटेनाला वाटलं पाहिजे की या खोलीला भिंतीच नाहीत, ती मोकळ्या आभाळात उभी आहे. आवाजही त्या सुळक्यांत जिरतो. पहिल्या दिवशी मेघनाला आत स्वतःचा श्वास ऐकू आला आणि ती पाच मिनिटांत बाहेर आली. दारात उभा असलेला माणूस हसला नाही. "पयल्यांदा सगल्यांना होतं," तो म्हणाला. "दोन दिवसांनी आत झोप येल."

तो बॉस्को परेरा. वय सत्तावन्न, आयटीआय झालेला तंत्रज्ञ, एकोणीस वर्षं याच चेंबरमध्ये आणि एकोणीस वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर. दर एप्रिलला नवा करार. राहणारा माजिवड्याच्या गावठाणातला. घराच्या अंगणात क्रूस, आणि क्रूसाच्या डोक्यावरून उड्डाणपूल. साहेबांशी तो शाळेतलं मराठी बोलायचा. मेघनाशी पहिल्या दिवसापासून गावठाणातलंच. बोटं दोघांची सारखीच काळी.

काम एकच होतं. गस्तीच्या बोटीवरच्या रडारला पाणी-वारा लागू नये म्हणून त्यावर फायबरचा घुमट बसवतात. त्याला रेडोम म्हणतात, चेंबरमध्ये सगळे नुसतं डोम म्हणायचे. डोममधून लहर आरपार गेली पाहिजे. कुठल्याही दिशेला ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अडली, तर बोटीला त्या दिशेचं नीट दिसणार नाही. फिरत्या स्टँडवर डोम चढवायचा, अंशाअंशाने फिरवायचा, मोजायचं, आणि सगळे आकडे मर्यादेत असले की पास. दोन वर्षांत एकतीस डोम पास होऊन गेले होते. मेघनाच्या हातात बत्तिसावा आला.

"काय करतेस?" बॉस्कोने विचारलं.

"पालांडे सर म्हणाले, डोम चढव."

"डोम पलून जात नाय गो बाय. आधी रिकामी खोली मोज. काय नाय तवा काय दिसतं ते ठाव नसंल, तर हाय तवाचा कसा कलनार?"

रिकामं मोजायला अख्खा दिवस जातो. विभागप्रमुख राकेश पालांडे यांच्याकडे तेवढा दिवस नव्हता. चेंबरचं पाच वर्षांचं प्रमाणपत्र होतं, त्यातलं अर्धं वर्ष अजून शिल्लक होतं, आणि प्रत्येक अहवालाच्या वरच्या रकान्यात त्या प्रमाणपत्राची तारीख टाकली की काम भागत होतं. "बॉस्को जुन्या काळातला आहे," पालांडे म्हणायचे. "तो खोलीची पण नाडी बघतो."

एप्रिलमध्ये पालांडे चार दिवस दिल्लीला गेले. मेघनाने डोम उतरवून ठेवला आणि रिकामी खोली मोजली.

पडद्यावरची रेघ सपाट असायला हवी होती. एका ठिकाणी ती उचललेली होती. स्टँडवरच्या अँटेनाने सोडलेली लहर कशावर तरी आदळून सव्वीस नॅनोसेकंदांनी परत येत होती. मेघनाने गणित केलं: जाऊन-येऊन सात मीटर ऐंशी, म्हणजे आदळते ती जागा तीन मीटर नव्वदवर. लाकडी फूटपट्टी घेऊन ती आत गेली. स्टँडपासून मोजत डाव्या कोपऱ्यात पोचली. तिथले सुळके बाकीच्यांसारखेच काळे, बाकीच्यांसारखेच सरळ. तिने एक चिमटीत धरला आणि बोटं पाहिली. बोटांना काही लागलं नव्हतं.

शेजारचा धरला, त्यालाही नाही. त्याच्या पलीकडचा धरला तेव्हा बोटं काळी झाली.

एकेक चाचपत तिने मोजले. बावीस निघाले. त्यातला एक उपटून काढला तर कापसासारखा हलका. बुडाला रंग नव्हता, पांढरा फोम होता. फ्रिजच्या खोक्यात येतो तसला. त्यावर निळ्या पेनाने लहानसा क्रूस काढलेला.

बॉस्को दारात उभा होता. तो आत आला नाही.

"तुम्ही केलंत?"

"मीच."

"कधी?"

"साडेचार वरसं झाली. एसीचा पानी गललेला त्या कोपऱ्यात, सुळके कुजले. नवे यायला सहा महिने, नि आठ दिवसांवर बाहेरची तपासनी. साहेब बोलला, कोपरा भरलेला दिसला पायजे बॉस्को, मागाहून बदलू. मी गरम तारेने कापले, काला रंग मारला. तवा स्टँड पलीकडं होता. ह्या कोपऱ्यात कायच दिसत नसे. तपासनी पास."

"आणि मग स्टँड हलवला."

"दोन वरसं. मी बोललो साहेबाला, त्ये बावीस आता काढू या. बोलला, बघतो. तवाच रिकामी मोजायला पायजे होती. मला मशीन चालवायची परवानगी नाय. तू आलीस, म्हटलं ही पोरगी मोजेल."

मेघनाला त्या वेळी राग आला की नाही, हे तिला नंतर आठवेना. तिला आठवतं ते एवढंच की दोघांनी मिळून दारामागचे, कुठल्याही मोजणीत न येणारे बावीस खरे सुळके काढले आणि कोपऱ्यात बसवले. रिकामी खोली पुन्हा मोजली. रेघ सपाट. मग बत्तिसावा डोम चढवला. अडतीस अंशांवर, डावीकडे, लहर मर्यादेच्या दुपटीने अडत होती. डोमच्या दोन भागांचा सांधा तिथे जाड भरला होता. इतके दिवस तिथे अडलेली लहर कोपऱ्यातल्या खोट्या सुळक्यांआडच्या पत्र्यावर आपटून, डोमच्या दुसऱ्या, धड बाजूने आत येत होती आणि आलेखातला खड्डा भरून काढत होती. खोली डोमचा दोष झाकत होती.

"सगळे डोम एकाच साच्यातले?" मेघनाने विचारलं.

"साचा एकच," बॉस्को म्हणाला. "एकतीस गेले."

दुसऱ्या दिवशी पालांडे परत आले. त्यांनी सगळे आलेख शांतपणे पाहिले, दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर होते.

"चांगलं पकडलंस," ते म्हणाले. "बत्तिसावा नापास. लिही अहवाल. खोलीत दोष का होता, त्या कारणाच्या रकान्यात लिही, तंत्रज्ञाने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय शोषक सुळके बदलले."

"सर, परवानगीशिवाय नाही. तुम्ही सांगितलेलं त्यांना."

"असं कुठे लिहिलंय?"

मेघनाने टेबलावरचे आलेख गोळा केले.

"हे बघ, मी तुला घाबरवत नाहीये. कागदावर जे आहे तेवढंच मी बोलतोय. कागदावर फक्त त्याचा हात आहे. तू दुसरं काही लिहिलंस तर चौकशी बसेल, चेंबर बंद होईल, आणि तुझं पूर्णतेचं पत्र त्याच चेंबरचं आहे. तू स्वतःच ठरव."

"आणि ते एकतीस?"

"अहवाल बत्तीस नंबरचा आहे ना? मग बत्तीसचंच लिहायचं. त्या एकतीसचं वेगळं पत्र जाईल, वरून."

"कधी?"

"मेघना," पालांडे म्हणाले, "तू इंटर्न आहेस."

तिला दोन दिवस दिले होते. घरी काही बोलता येत नव्हतं, चार पानांवरच्या सह्या होत्या. रात्रीचं जेवण झाल्यावर तिने वडिलांच्या उजव्या बाजूला बसून विचारलं, "पप्पा, परशुराम काकांच्या रिपोर्टवर सही कोणाची होती?"

परशुराम हा जगनच्या पाळीतला दुसरा ऑपरेटर. स्फोट झाला तेव्हा तो रिअॅक्टरपाशी होता, जगन दाराशी. आधी महिनाभर दोघे सांगत होते की वाफेचा व्हॉल्व्ह अडकतो. चौकशीच्या अहवालात आलं: ऑपरेटरची चूक. परशुराम काही म्हणायला उरला नव्हता आणि जगनला तेव्हा कोणाचं काहीच ऐकू येत नव्हतं.

"एक सेफ्टी ऑफिसर होता. नवीनच लागलेला," जगन म्हणाले. "मला बघायला आलेला हॉस्पिटलात. बिस्किटं घेऊन. चांगला माणूस होता."

"चांगला होता तर तसं का लिहिलं?"

"सांगितलं असेल कोणीतरी." जगनने टीव्हीचा आवाज कमी केला, जो त्यांना अर्धाच येत होता. "मी त्याला काय बोललो नाही. बोलून काय करायचं? बिस्किटं खाल्ली. आज का विचारतेस?"

"असंच."

"कामावर काय झालंय का?"

"नाही."

रंभा भांडी घासत होती. ती आतून म्हणाली, "तिला नका विचारू हो. सरकारी गोष्ट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉकरपाशी बॉस्को भेटला. त्याने नेहमीसारखा डबा ठेवला, मोबाइल ठेवला.

"सही कर," तो म्हणाला. "मी केली."

"कशावर?"

"माझ्या कागदावर. चूक माझी, कोनाला न विचारता केलं. काल संध्याकाली."

"का केलीत? मी अजून लिहिलं नाहीये. मी दुसरं लिहू शकते."

"तू दुसरं लिवशील, साहेब दुसरं बोलंल, नि मधेच सगला अडकंल. कर सही गो. माझी तीन वरसं राहिली, तुझी तीस."

तिला वाटलं, तो घाबरला आहे. सत्तावन्नाव्या वर्षी, ठेकेदाराचा माणूस, पोलिसांचं लचांड नको म्हणून सुटका करून घेतोय. असं वाटणं तिच्या सोयीचं होतं, हे तिला तेव्हा कळलं नाही. दुपारी साडेतीनला तिने अहवाल पूर्ण केला. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होतं. 'तंत्रज्ञाने' हा शब्द टाइप करून ती थोडा वेळ थांबली, मग पुढचे शब्द टाइप केले. एकतीसचा उल्लेख नव्हता. खाली सही केली. पेनाच्या दांडीवर तिच्या बोटांचे काळे ठसे उमटले.

एप्रिलच्या तीस तारखेला बॉस्कोचा करार संपला आणि नवा झाला नाही. निरोप समारंभ वगैरे नव्हता, ठेकेदाराच्या माणसांना तो नसतोच. फाटकावर त्याचं कार्ड चालेनासं झालं, एवढंच. मे महिन्यात नवे सुळके आले, बाहेरच्या देशातून, तीन आठवड्यांत. इतक्या लवकर येतात हे मेघनाला माहीत नव्हतं. जूनमध्ये तिला पूर्णतेचं पत्र मिळालं आणि जुलैपासून नेमणूक. विहाराच्या फळ्यावर कोणीतरी तिच्या ओळीपुढे 'कायम' असं लिहिलं. रंभाने चाळीत पेढे वाटले. शेवंतीबाई म्हणाल्या, "मी त्या हवलदाराला तेव्हाच सांगितलेलं."

एकतीसचं पत्र गेलं का, हे मेघनाने पालांडेंना तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, प्रक्रियेत आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, ते तुझ्या पातळीवरचं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. आता ती कायम झाली होती. विचारलं तर गमवायला आता जास्त होतं.

बॉस्कोचं सामान चेंबरच्या बाहेरच्या कपाटात राहिलं होतं: गरम तारेचं कटर, एक स्टीलचा मग, रबरी चपला. गेटपास करून घेऊन, जुलैतल्या एका रविवारी मेघना ते माजिवड्याला घेऊन गेली. उड्डाणपुलाखालून आत वळलं की रस्ता एकदम अरुंद होतो. घर विचारावं लागलं नाही, अंगणातला क्रूस त्याने वर्णन केला होता तसाच होता.

दार त्याच्या बायकोने, व्हेरोनिकाने उघडलं. नुकतीच चर्चमधल्या मिसाहून आलेली, साडी अजून बदललेली नव्हती.

"तू ती मेघना? ये गो, ये. रोज तुझंच नाव असायचं तोंडात." तिने पिशवी घेतली. आतलं कटर पाहिलं आणि पिशवी दाराआड ठेवली. "दुसरीकडं कुठं घेत नाय त्याला. जातो तिथं विचारतात, एकोनीस वरसांनी काढला का? हा सांगतो, माझी चूक. कोन घेल मग?"

"व्हेरो, चाय ठेव," बॉस्को आतून म्हणाला.

तो खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता. त्याची बोटं स्वच्छ होती. मेघनाने ती पहिल्यांदाच तशी पाहिली, आणि नजर काढून घेतली.

"कायम झालीस?"

"हो."

"बरं झालं. रिकामी मोजतेस ना?"

"दर वेळी."

"मंग एकतीस आले परत?"

खिडकीबाहेर पुलावर ट्रक अडकले होते आणि एकामागून एक हॉर्न वाजत होते.

"आले नाय?"

"पत्रच गेलं नाहीये," ती म्हणाली. "मी विचारलं. तीनदा विचारलं."

बॉस्को खुर्चीत पुढे सरकला. "साहेब बोललेला मला. त्या संध्याकाली. बोलला, बॉस्को, तू सही दिलीस की कारन मिलतं, कारन मिललं की एकतीसच्या एकतीस परत मागवता येतात. तुझ्या सहीबिगर अडकून पडतील. म्हनून दिली." मग त्याने विचारलं, "तुझ्या रिपोर्टात तरी हायत ना ते एकतीस?"

"नाहीत."

"एक ओल पन नाय?"

"नाही."

त्याने मान हलवली. तिला शिव्या घालेल, निदान काहीतरी बोलेल, म्हणून ती थांबली. व्हेरोनिका कप घेऊन आली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप ठेवून आत गेली.

"अडतीस ना?" बॉस्कोने विचारलं.

"अडतीस. डावीकडे."

त्याने उजवा हात नाकासमोर सरळ धरला, खिडकीच्या दिशेने, बोटीचं तोंड धरावं तसा. मग डावा हात हळूहळू बाहेर नेला आणि चेंबरमध्ये स्टँड थांबवायचा तसा एका जागी थांबवला. हात अंदाजाने धरलेला होता, पण बरोबर होता. मेघनाने त्या हाताच्या रेषेत पाहिलं. पुलाचा खांब, त्यामागे टॉवर, त्यामागे काही दिसत नव्हतं.

"ह्या बाजूचा कमी दिसनार त्यांना," तो म्हणाला. "नि त्यांना ठाव पन नाय."

त्याने हात खाली घेतले.

"चाय पी," तो म्हणाला. "थंड होते."

मेघना चहा प्यायली.